सरकारी पैशातून कार्बन ऑफसेट घ्यायचे का? नागपुरातल्या कॉलेजच्या ठरावावर सल्ला हवा

मानेवाडा_रोड

नागपुरातल्या एका अनुदानित तंत्र महाविद्यालयाच्या वित्त समितीपुढे पुढच्या महिन्यात एक ठराव येतोय. परिसर ‘कार्बन न्यूट्रल’ जाहीर करायचा आणि त्यासाठी सल्लागार कंपनीने सुचवलेल्या दोन गोष्टींना मंजुरी द्यायची.

पहिली, दरवर्षी १,४०० कार्बन क्रेडिट, म्हणजे ऑफसेट, विकत घेणे (एक क्रेडिट म्हणजे दुसऱ्या कुणी दुसरीकडे केलेली एक टन कार्बन डायऑक्साइडची घट). दर ४५० रुपये, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार. दुसरी, उमरेड रस्त्याकडच्या पडीक जमिनीवर ५,००० झाडं लावणे. तीन वर्षांच्या देखभालीसह झाडामागे ८०० रुपये, एकूण ४० लाख. पैसा विकास निधीतून, म्हणजे काही सरकारी आणि काही विद्यार्थ्यांच्या फीचा.

वापर असा: वीज वर्षाला १८ लाख युनिट, जनरेटरचं डिझेल १२,००० लिटर, मेसमध्ये १९ किलोचे ४०० सिलिंडर. छतावर सोलर नाही. सल्लागाराच्या अहवालात एक झाड वर्षाला २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलंय.

विरोध करायचा तर आकड्यांनिशी करायचा आहे. आणि ‘सगळ्या जगात सरकारी संस्था हे करतात’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं, तेही सांगा.

लेखापाल_धंतोली

आधी १,४०० चा हिशेब तपासू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रीडचा गुणांक, म्हणजे विजेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड, युनिटला साधारण ०.७२ किलो आहे. १८ लाख युनिटचे १,२९६ टन झाले. डिझेल लिटरला २.६८ किलो, म्हणजे ३२ टन. गॅस किलोला जवळपास ३ किलो, ४०० सिलिंडरचे सुमारे २३ टन. बेरीज १,३५१. सल्लागाराने ती वर ओढून १,४०० केलीय, पण जे खरोखर मोजायला हवं होतं ते सोडलंय.

एक म्हणजे एसीचा गॅस. आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट आहे. वर्षभरात सगळ्या एसींत मिळून २० किलो गॅस भरावा लागला, तर तेवढा हवेत गेला असं समजायचं. ते ४२ टन होतात, मेसच्या सगळ्या सिलिंडरांपेक्षा जास्त. दुसरं, विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्या. त्या हिशेबात नाहीत तर ‘परिसर न्यूट्रल’ म्हणताना निदान तसं लिहा तरी.

आता हाच ४० लाखांचा आकडा दुसऱ्या कामाला लावून बघा. किलोवॅटला ५० हजार धरले तर ८० किलोवॅट सोलर बसतं, जागा सुमारे ८०० चौरस मीटर. नागपुरात एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो. म्हणजे १ लाख १२ हजार युनिट आणि ८० टन. युनिटला ९ रुपये वाचले तर वर्षाला १० लाख परत, चार वर्षांत भांडवल सुटलं. उरलेली वीसएक वर्षं ती घट फुकटात.

त्याहून स्वस्त काम वसतिगृहातले पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आत. दिवसाला १४ तास आणि वर्षाला २८० दिवस चालणारा एक पंखा १७६ युनिट वाचवतो, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. २,८०० चा पंखा दोन वर्षांत वसूल. वर्गखोल्यांत तास कमी, तिथं वसुलीला चार वर्षं लागतात, म्हणून सुरुवात वसतिगृहापासून करा. फक्त जुने रेग्युलेटर सर्किटमधून काढायला लावा, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळतं आणि मग ‘बीएलडीसी टिकत नाही’ असा बोभाटा होतो. रिमोटवाले घेऊ नका, पहिल्या महिन्यात निम्मे रिमोट गायब होतात. जुन्या नव्हे, पंख्यासोबतच येणाऱ्या भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल निविदेत लिहा.

कंत्राट_वाचक

‘सगळ्या जगात करतात’ याचं उत्तर कॅनडातच आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००७ च्या कायद्याने सरकारी खाती, शाळा, विद्यापीठं, दवाखाने या सगळ्यांना २०१० पासून कार्बन न्यूट्रल राहण्याची सक्ती केली. जेवढं उत्सर्जन उरेल तेवढ्याचे ऑफसेट दर टनाला २५ डॉलरने विकत घ्यायचे, आणि तेही ‘पॅसिफिक कार्बन ट्रस्ट’ या सरकारनेच २००८ मध्ये काढलेल्या महामंडळाकडून. म्हणजे शाळेला मिळालेल्या अनुदानातलाच पैसा परत सरकारी महामंडळाकडे आणि तिथून प्रकल्पवाल्यांकडे. ते प्रकल्पवाले कोण? त्यांत एन्काना ही मोठी नैसर्गिक वायू कंपनीही होती.

मार्च २०१३ मध्ये प्रांताचे महालेखापरीक्षक जॉन डॉयल यांचा अहवाल आला. त्यांनी दोनच प्रकल्प तपासले, पण २०१० च्या न्यूट्रल दाव्यातले सुमारे ७० टक्के ऑफसेट या दोघांचेच होते. किंमत ६० लाख डॉलर. निष्कर्ष असा की दोन्ही विश्वासार्ह नाहीत, त्यामुळे सरकार कार्बन न्यूट्रल झालं हा दावाही टिकत नाही.

पहिला डार्कवुड्स, सुमारे ५५,००० हेक्टरचं जंगल. एका निसर्गसंवर्धन संस्थेने ते २००८ मध्येच जपण्यासाठी विकत घेतलं होतं. ऑफसेटचा हिशेब मात्र असा मांडला, की दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर त्याने नफ्यासाठी भराभर तोडलं असतं. त्या काल्पनिक तोडीतून प्रत्यक्ष स्थिती वजा केली आणि उरलेला फरक म्हणजे क्रेडिट. तोड जितकी भयंकर कल्पाल तितकी क्रेडिट जास्त. दुसरा एन्कानाचा. ड्रिलिंग करताना वायू जाळून टाकण्याऐवजी पाइपलाइनमध्ये घ्यायचा. पण ही पद्धत कंपनीला तशीही फायद्याची होती. ऑफसेटचे पैसे नसते तरी तिने ती वापरली असती.

इथे ‘अतिरिक्तता’ हा एकच शब्द समितीला समजावून द्या. क्रेडिटचा पैसा मिळाला नसता तर हे काम झालं असतं का? ‘झालं असतं’ असं उत्तर असेल तर हवेत काहीच फरक पडलेला नाही, फक्त पैसा हलला. शाळेत जुना बॉयलर तसाच धडधडतोय आणि त्याच्या दुरुस्तीला लागू शकला असता तो पैसा वायू कंपनीकडे गेलाय, असं चित्र तिथं उभं राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रस्ट गुंडाळण्याची घोषणा झाली. शाळांसाठी तर त्याआधीच, २०१२ पासून, ऑफसेटला जाणाऱ्या रकमेएवढा पैसा ऊर्जाबचतीच्या कामांना परत द्यायला सुरुवात करावी लागली होती.

ऑस्ट्रेलियाने याचा मोठा अवतार काढला. २.५५ अब्ज डॉलरच्या सरकारी निधीतून लिलावाने घट विकत घ्यायची. तिथे ‘जंगलतोड टाळली’ या प्रकारच्या क्रेडिटवर इतकी टीका झाली की २०२२ मध्ये सरकारने चब समिती नेमली आणि समितीने तसले नवे प्रकल्प नोंदवू नका असं सांगितलं.

आणि एक फरक विसरू नका. ब्रिटिश कोलंबियात सक्ती होती. आपल्याकडे कॉलेजवर, महापालिकेच्या शाळेवर किंवा दवाखान्यावर ऑफसेट घ्यायची कायदेशीर सक्ती नाही. २०२३ ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना नेमून दिलेल्या उद्योगांना बांधते, तुम्हाला नाही. हे ऐच्छिक खर्च आहेत, आणि ऐच्छिक खर्चावर लेखापरीक्षक दुप्पट प्रश्न विचारतो.

मानेवाडा_रोड

हे फार उपयोगी आहे. पण क्रेडिटपेक्षा समितीत झाडांचाच जोर आहे. ‘निदान झाडं तरी दिसतात’ असं सगळे म्हणतात. झाडांच्या आकड्यांना कुठे धरायचं?

पळस

२२ किलोलाच धरा, भाऊ. तिथेच सगळं उलगडतं.

सरकारी रोपवनाची नेहमीची घनता हेक्टरी १,१०० झाडं, ३ बाय ३ मीटरवर लावली की तेवढी बसतात. त्याला २२ किलोने गुणा. हेक्टरी वर्षाला २४ टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कोरडं लाकूड-फांदी-मूळ यांत ०.४७ टन कार्बन असतो, त्याला ३.६७ ने गुणलं की १.७२ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सल्लागार म्हणतोय की उमरेडकडच्या मुरमाड पडीक जमिनीवर हेक्टरी दरवर्षी १४ टन कोरडं जैवद्रव्य वाढेल. ही वाढ चांगल्या मातीत पाणी-खत दिलेल्या निलगिरीची आहे. बिनपाण्याच्या मिश्र रोपवनाला ३ टन धरले तरी उदारपणा झाला. त्याचे ५ टन होतात. तुमचे १,४०० टन दरवर्षी फेडायला मग २७० हेक्टर लागतील, साडेचार हेक्टर नव्हेत. आणि पहिली चार-पाच वर्षं तर रोपं जगवण्यातच जातात, कार्बन नावापुरता.

गंमत अशी की सल्लागाराचा आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी ५,००० झाडांचे ११० टन होतात. म्हणजे त्याच्याच कागदावर ४० लाखांत आठ टक्केही भागत नाही, आणि तेही एकही रोप मेलं नाही तर.

आता रोपं मरतात कशी ते. ४५ सेंटिमीटरचे खड्डे एप्रिल-मेमध्ये खोदून उन्हात तापू द्यावे लागतात. कंत्राटदार ते जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावर उकरतो, तोही वीतभर. पिशवीतलं रोप दीड वर्षाचं हवं, येतं सहा महिन्यांचं. काळ्या जमिनीत मार्चपासून भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. मुरमात ओलच टिकत नाही. त्यात नागपूरचा मे महिना, ४५ अंश. गुरं अडवायचा चर नसेल तर पहिल्या हिवाळ्यातच शेंडे खाल्ले जातात. मग वणवा. १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढली नसेल तर एका दुपारी सगळं राख होतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती आग गवतातून लांब जाते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण तीन वर्षांच्या देखभालीच्या अंदाजपत्रकात आगराखणदाराचा पगार नसतो.

बदली लागवड पुढच्या जुलैत करायची असते. त्यासाठी किमान वीस टक्के रोपांची तरतूद वेगळी हवी. तुमच्या ८०० रुपयांत ती आहे का, ते बघा.

देशाचा अनुभवही सांगा. भरपाई वनीकरणावर ‘कॅग’चा २०१३ चा अहवाल आहे. २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार हेक्टरवर बिगरवन जमीन मिळायला हवी होती, मिळाली २८,०८६ हेक्टर. त्यावर प्रत्यक्ष लागवड ७,२८१ हेक्टर, म्हणजे मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या जेमतेम सात टक्के. पैसा मात्र आधीच जमा झालेला.

उमरेडकर_ग

पळस यांच्यात भर. ‘पडीक’ हा शब्द तपासा. सातबारा काढा आणि गावच्या निस्तार पत्रकात ती जमीन आहे का ते बघा. गुरंचराई, जळाऊ लाकूड यांचे निस्तार हक्क असतील, किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा चालू असेल, तर कुंपण घालताच भांडण उभं राहील. गावानं चर बुजवला की रोपवन संपलं, आणि चूक गावाचीही नसेल.

शिवाय माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. वरोरा-भद्रावतीकडच्या असल्याच माळांवर माळढोकाची नोंद होती. गवताळ जमिनीचा कार्बन मातीत असतो. खड्डे खणून झाडं कोंबली की तो काही प्रमाणात सुटतो, आणि हिशेबात वजा कुणीच करत नाही.

सल्लागार ‘ग्रीन क्रेडिट’ही मिळतील असं म्हणाला असेल तर सावध राहा. ऑक्टोबर २०२३ चे ते नियम पर्यावरण मंत्रालयाचे आहेत, कारभार देहरादूनच्या वनसंशोधन परिषदेकडे. ते कार्बन क्रेडिट नाहीतच. तिथे मूळ हिशेब झाडाला एक क्रेडिट असा होता, टनाशी संबंध नाही. दोन वर्षांतच क्रेडिट मिळणार म्हणून टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलून किमान पाच वर्षं आणि ४० टक्के छत्रघनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन) अशी अट आली. म्हणजे ठरावात २०२६ साठी त्यांचा भरवसा धरला असेल तर ते कागदावरही बसत नाही. वर तीच लागवड कार्बन क्रेडिटसाठीही दाखवता येते, नियमातच तशी सोय आहे. एकच झाड दोन खात्यांत.

उमरेड म्हटलं म्हणून आणखी एक. कुणी कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरची झाडं ऑफसेट म्हणून पुढे केली तर सरळ नकार द्या. ढिगाऱ्यावर झाडं लावणं खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटींतच असतं. जे करणं बंधनकारक आहे, त्याचे वेगळे पैसे कसले?

बायोगॅस_वाडी

इथे सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून थोडं उलट. सगळे ऑफसेट थोतांड नसतात. कचरा डेपोतला किंवा शेणातला मिथेन पकडून जाळला, तर ते काम क्रेडिटच्या पैशाशिवाय बहुधा होत नाही, कारण त्यात दुसरं उत्पन्न फारसं नसतं. मोजमापही सोपं असतं, पाइपवर मीटर लावला की झालं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ताप देतो, त्यामुळे दर टनाचा खर्चही कमी येतो. संस्थेला घट करून झाल्यावर जे उरतं, विशेषतः जनरेटर आणि एसीचा गॅस, त्याला असलं क्रेडिट घेणं मला गैर वाटत नाही.

अडचण अशी की ४५० रुपयांत तुम्हाला ते मिळणार नाही. त्या दरात बहुतेक जुनी पवन, सौर किंवा जलविद्युतची क्रेडिट गळ्यात मारतात. वीज विकून नफा होणाऱ्या प्रकल्पाला क्रेडिटची गरज काय? म्हणूनच २०२० पासून व्हेराने, म्हणजे कार्बन क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या मोठ्या संस्थेने, भारतासारख्या देशांतल्या ग्रीडला जोडलेल्या मोठ्या अपारंपरिक प्रकल्पांची नवी नोंदणी बंद केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ऐच्छिक बाजारातल्या क्रेडिटचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेने आधीच्या अशा पद्धतींना मान्यता नाकारली. युरोपीय आयोगासाठी जर्मनीतल्या ओको-इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या यंत्रणेतले प्रकल्प तपासले, त्यांतल्या ८५ टक्के प्रकल्पांत घट अतिरिक्त असण्याची आणि फुगवून मोजलेली नसण्याची शक्यता कमी आढळली.

उलट बाजूही बघा, कारण कधीतरी कुणी तुम्हालाच क्रेडिट विकायला सांगेल. दिल्ली मेट्रोने २०१२ ते २०१८ ची ३५ लाख ५० हजार क्रेडिट विकून साडेएकोणीस कोटी मिळवले. क्रेडिटला ५५ रुपये पडले. या पैशासाठी मेट्रो बांधली गेली असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या छतावरच्या सोलरची क्रेडिट विकलीत, तर ती घट विकत घेणाऱ्याची झाली. मग अहवालात ‘आम्ही ८० टन कमी केलं’ लिहायचं नाही. हे बरेच जण दोन्हीकडे लिहितात.

लेखापाल_धंतोली

बायोगॅस भाऊंचं बहुतेक पटतं. फक्त ‘मीटर लावला की झालं’ यावर एक आठवण. एचएफसी-२३ वायूच्या जाळण्यालाही मीटरच होता. एसीचा गॅस बनवताना तो निघतो, हिशेबात ११,७०० पट धरलेला. काही कारखान्यांना तो जाळून मिळणारी क्रेडिट मूळ मालापेक्षा जास्त पैसे देऊ लागली, आणि वायू जाळता यावा म्हणून तो जास्त तयार होतोय असा संशय आला. युरोपने मे २०१३ पासून ती क्रेडिट घेणं बंद केलं. मीटर बरोबर होता, प्रश्न चुकीचा होता.

कंत्राट_वाचक

ठरावाची भाषा अशी बदलून मागा. ‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्द काढून ‘वार्षिक उत्सर्जनाचा ताळेबंद’ ठेवा. विकास निधीतला पैसा आधी वसतिगृहाचे पंखे, मग सोलर. सोलरची क्षमता करारातल्या वीजमागणीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तो आकडा महावितरणच्या बिलावरून घ्या. भांडवल नसेल तर रेस्को पद्धतीत कंपनी पॅनेल लावते आणि तुम्ही फक्त युनिटचे पैसे देता. पण करार २५ वर्षांचा असतो, तेव्हा दरवाढीचं कलम नीट वाचा. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि उत्पादन १४ टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणून हमी वार्षिक युनिटवर घ्या, किलोवॅटवर नको. धुण्याचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर बसतो, त्याची जबाबदारीही कंपनीवर टाका.

त्यातूनही समितीला क्रेडिट घ्यायचीच असतील तर पैसे देण्यापूर्वी लेखी मागा: प्रकल्पाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, क्रेडिटचे अनुक्रमांक, ती कोणत्या वर्षातल्या घटीची आहेत, पद्धत कोणती, आणि रजिस्ट्रीवर संस्थेच्या नावाने रद्द केल्याचा पुरावा. हा शेवटचा पुरावा नसेल तर तीच क्रेडिट उद्या दुसऱ्याला विकली जातात. सल्लागाराला क्रेडिट कितीला पडलं तेही विचारा. सल्ला देणारा आणि विकणारा एकच असेल तर निविदेतच अडचण आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१ वा नियम म्हणतो की सरकारी पैसा खर्चताना माणसाने स्वतःचा पैसा खर्चताना बाळगतो तेवढी दक्षता बाळगावी. संस्था राज्याच्या अनुदानावर असली तरी ही कसोटी टिपणीत लिहा, पुढचा ऑडिट पॅरा टळेल.

झाडं लावायचीच असतील तर लावा, सावलीसाठी, पाखरांसाठी, परिसरातच. खर्च बागेच्या हेडखाली टाका आणि टनांत मोजू नका. बाहेरच्या जागेचं कंत्राट झालंच तर जिवंत रोपांची मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवा. कंत्राटदार सप्टेंबर मागेल, तेव्हा सगळंच हिरवं असतं.

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे आभार. ८ टक्के आणि २७० हेक्टर हे दोन आकडे टिपणीत पहिल्या पानावर टाकतोय. एसीच्या देखभालीची बिलं मागवली, पण त्यांत फक्त ‘गॅस टॉप-अप, ४ नग’ एवढंच आहे. किलो कसे काढायचे?

लेखापाल_धंतोली

दीड टनाच्या स्प्लिट एसीत मॉडेलप्रमाणे साधारण एक ते दीड किलो गॅस असतो. नेमका आकडा आणि गॅसचा प्रकार बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेला असतो. पूर्ण रिकामा झाला होता की थोडा भरला, ते ठेकेदाराला विचारा. सांगत नसेल तर पूर्ण धरा. आर-३२ असेल तर २,०८८ ऐवजी ६७५ ने गुणायचं. आणि पुढच्या कंत्राटात सिलिंडरचं वजन गॅस भरण्याआधी आणि नंतर बिलावर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यानं गळती तर कळतेच, न भरलेल्या गॅसचं बिलही थांबतं.